थ्रीडी मॉडेलवरून इस्टिमेट काढताना

‘स्क्वेअर फुटाला काय पडेल?’ घर बांधायला निघालेला माणूस हा प्रश्न आधी विचारतो आणि प्लॉट मागाहून दाखवतो. आपल्याकडचे मुरलेले ठेकेदार त्याला उभ्या उभ्या आकडा सांगतातही. तो आकडा अगदीच हवेतला नसतो, त्यामागे बांधलेल्या इमारतींचा अनुभव असतो. अडचण पुढे येते. स्क्वेअर फूट म्हणजे कार्पेट की बिल्टअप, बाल्कनी अर्धी धरायची की पूर्ण, पार्किंगवरचा स्लॅब त्यात आला का, कंपाउंड आणि पाण्याची टाकी कुणाच्या पदरात, हे सगळे काम अर्ध्यावर आल्यावर निघते आणि बिलावरून बोलाचाली सुरू होते. आयटमवार इस्टिमेट केले असते तर यातले बरेचसे आधीच मिटले असते. पण ते हाताने करायचे म्हणजे ड्रॉइंगवर स्केल ठेवून लांबी-रुंदी-उंचीचे तक्ते भरत बसणे, आणि क्लायंटने प्लॅन बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

थ्रीडी मॉडेल कामाला येते ते इथे. मात्र आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत जे मॉडेल असते ते एलिव्हेशन दाखवण्यासाठी केलेले असते. त्यात भिंतीला जाडी नसते, बीम-कॉलम नसतात, पाया तर नसतोच. अशा मॉडेलमधून क्वांटिटी काढायला जाऊ नका, वेळ फुकट जाईल. मोजायचे मॉडेल वेगळ्या शिस्तीने करावे लागते. साइटवर एखादी गोष्ट ज्या तुकड्यांत बांधली जाते आणि बिलात ज्या मापाने मोजली जाते, त्याच तुकड्यांत आणि त्याच मापाने ती मॉडेलमध्ये असली पाहिजे. हे पाळले नाही तर कितीही महागडे सॉफ्टवेअर असो, आकडा दशांशापर्यंत मिळतो आणि चुकीचा मिळतो.

पुढच्या उदाहरणांसाठी एक नेहमीची इमारत डोळ्यांसमोर ठेवू: खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्याला दोन असे आठ फ्लॅट, प्रत्येक स्लॅब साधारण दोनशे चौरस मीटरचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी अशा इमारती उभ्या राहतायत.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. रेव्हिट किंवा आर्किकॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये भिंत ही भिंत म्हणूनच ओळखली जाते, त्यामुळे तिचे क्षेत्रफळ, घनफळ आणि थर तक्त्यात आपोआप येतात. स्केचअप स्वस्त आणि शिकायला सोपे, पण त्याला फक्त आकार कळतात. एखादा ग्रुप चारी बाजूंनी नीट बंद, म्हणजे सॉलिड असेल तरच तो घनफळ दाखवतो. पैसे घालायचे नसतील तर फ्रीकॅड आहे, ब्लेंडरवर चालणारे बोन्साय आहे. नागपूर मेट्रोच्या कामात महामेट्रोने मॉडेलमधल्या घटकांना वेळापत्रक आणि खर्च असे दोन्ही जोडून ‘फाइव्ह-डी बिम’ वापरले. आठ फ्लॅटच्या इमारतीला तेवढा पसारा लागत नाही. मॉडेल आणि एक्सेल एवढ्यावर भागते. वेळापत्रक मुकादमाच्या डोक्यात असते, ते तूर्त तिथेच राहू द्या.

आधी मोजणीचे नियम, मग माउसला हात

कॉम्प्युटर भूमिती मोजतो. बिल मात्र भूमितीवर निघत नाही, ते करारातल्या मोजणीच्या पद्धतीवर निघते. सरकारी कामात आणि बऱ्याच खासगी करारांतही ही पद्धत आयएस १२०० या भारतीय मानकाची असते. तिचा आणि सॉफ्टवेअरचा पहिला खटका उडतो गिलाव्यावर.

एक भिंत घ्या, चार मीटर लांब, तीन मीटर उंच, मध्ये दीड बाय एक पूर्णांक दोन मीटरची खिडकी. भिंतीची एक बाजू १२ चौरस मीटर, खिडकी १.८. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी खिडकी वजा करून २०.४ चौरस मीटर गिलावा दाखवेल. आयएस १२०० म्हणते की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघडणीची वजावट करायची नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत असेल आणि दोन्हीकडे एकच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट करायची, आणि चौकटीच्या आतल्या कडांचा गिलावा वेगळा धरायचा नाही. तीन चौरस मीटरच्या वर गेली की दोन्ही बाजूंची वजावट, पण मग कडा, वरची खालची बाजू हे सगळे मोजून घ्यायचे. म्हणजे आपल्या भिंतीचा बिलातला गिलावा २४ वजा १.८, बरोबर २२.२ चौरस मीटर. एका खिडकीमागे १.८ चा फरक. फ्लॅटला पाच खिडक्या धरल्या तर चाळीस खिडक्यांचे ७२ चौरस मीटर झाले, आपल्या साइटच्या भाषेत शंभर चौरस फुटांचे पावणेआठ ब्रास. गिलाव्याच्या लेबर ठेकेदाराला हा फरक पाठ असतो. इस्टिमेट करणाऱ्यालाही असावा.

म्हणून प्रत्येक दार-खिडकीच्या टाइपला मॉडेलमध्येच एक खूण द्या: ‘अर्ध्याच्या आत’, ‘अर्धा ते तीन’, ‘तीनच्या वर’. भिंतीचे निव्वळ नव्हे, पूर्ण क्षेत्रफळ एक्सेलमध्ये घ्या आणि वजावट या खुणांप्रमाणे सूत्राने करा. संडास-बाथरूमची साठ बाय साठ सेंटिमीटरची झडप पहिल्या गटात जाते, बाल्कनीचा सरकता दरवाजा बहुधा तिसऱ्यात. खासगी करारात ठेकेदाराशी वेगळे ठरले असेल, ‘उघडणी सगळ्या भरीव धरायच्या आणि कोरीचे वेगळे पैसे नाहीत’ असे, तर सूत्र बदला. मॉडेलला हात लावावा लागणार नाही.

विटांच्या आणि ब्लॉकच्या कामाला वजावटीची मर्यादा वेगळी आहे, ०.१ चौरस मीटर. काँक्रीटमधून सळईचे घनफळ वजा करायचे नसते. हे नियम एका पानावर लिहून मॉडेल करणाऱ्या मुलाच्या टेबलासमोर चिकटवा. डिप्लोमा करून आलेली मुले सॉफ्टवेअर चटकन शिकतात, पण मोजणीची पद्धत त्यांना कुणी सांगितलेली नसते.

सांध्यातले काँक्रीट

दुसरी मोठी गळती बीम आणि स्लॅबच्या सांध्यात. समजा बीम ९ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर रुंद आणि स्लॅबसकट ४५० खोल, स्लॅबची जाडी १२५. बीम पूर्ण ४५० चा काढला आणि स्लॅब त्याच्यावरून सलग नेला, तर वरचे १२५ मिलिमीटर दोनदा मोजले जातात. बीमच्या दर मीटरला ०.०२८७५ घनमीटर. दिसायला काहीच नाही. पण एका स्लॅबखाली सव्वाशेच्या आसपास, म्हणजे १२० मीटर बीम धरले तर ३.४५ घनमीटर होतात आणि पाच स्लॅबचे मिळून १७ घनमीटरच्या वर जातात. सहा घनमीटरच्या आरएमसी गाड्या धरल्या तर जवळजवळ तीन गाड्या कागदावर जास्तीच्या आल्या.

काही प्रोग्रॅम हा सांधा आपोआप कापतात, काही सेटिंग केल्यावर कापतात. स्केचअपमध्ये ते तुम्हालाच करावे लागते. कुठला प्रोग्रॅम काय करतो यावर वाद घालण्यापेक्षा एक चाचणी करा. नव्या फाइलमध्ये चार कॉलम, चार बीम, एक स्लॅब, चार भिंती, एक दार आणि एक खिडकी एवढीच खोली काढा. तिचे सगळे आकडे कॅल्क्युलेटरने काढून कागदावर ठेवा आणि मग मॉडेलचा तक्ता उघडा. जिथे जुळणार नाही तिथे का जुळत नाही ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. तासा-दोन तासांचे काम आहे, आणि प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की ते पुन्हा करायचे.

पाळण्यासारख्या आणखी काही सवयी याच जागी सांगतो. कॉलम सगळ्या मजल्यांतून एकच उंच खांब म्हणून काढू नका, मजल्यामजल्याला तोडा, कारण तो तसाच भरला जातो आणि वरच्या मजल्यांना उंचीचा जादा दर लागू शकतो. भिंत स्लॅबच्या वरपासून वरच्या स्लॅबपर्यंत न नेता बीमच्या तळाला थांबवा. बाहेरची १५० ची भिंत आणि आतली १०० ची भिंत हे वेगळे टाइप, आणि बाथरूमची भिंत तीच असली तरी तिच्यावर डॅडो येतो म्हणून तिलाही वेगळे नाव. टाइपच्या नावातच बीओक्यूचा आयटम क्रमांक घाला. एक्सेलमध्ये बेरीज त्या क्रमांकावरून होते, आणि क्रमांक नसलेला एखादा घटक राहिला तर तो तक्त्यात वेगळा उघडा पडतो. नाव टाकायचा कंटाळा करणाऱ्या ऑफिसात ‘वॉल १’, ‘वॉल १ कॉपी’, ‘वॉल १ कॉपी फायनल’ असे टाइप सापडतात. त्या मॉडेलचे पुढे काय होते ते सांगायला नको.

सेंट्रिंगचे क्षेत्रफळ बहुतेक प्रोग्रॅम सरळ देत नाहीत. त्यावर सोपा उपाय आहे: ज्या पृष्ठभागांना फळी किंवा प्लेट लागणार, ते सगळे एका ठरलेल्या रंगाने रंगवा आणि त्या रंगाचे एकूण क्षेत्रफळ काढा. स्लॅबचा तळ, बीमच्या बाजू आणि तळ, कॉलमच्या चारी बाजू, जिन्याच्या पायऱ्यांचे उभे भाग, छज्ज्याची कड. रंगवताना मॉडेल फिरवून खालून पाहावे लागते, आणि तसे पाहिले की प्लॅनवर कधीच लक्षात न येणाऱ्या गोष्टी दिसतात: लिफ्टच्या खड्ड्याची आतली बाजू, जिन्याचा तिरपा तळ, टाकीचे झाकण.

सळईच्या मागे मात्र लागू नका. एवढ्या इमारतीची प्रत्येक सळई मॉडेलमध्ये बसवणे हा हौसेचा मामला आहे. सुरुवातीच्या इस्टिमेटला फुटिंग, कॉलम, बीम, स्लॅब यांचे काँक्रीट मॉडेलमधून घ्या आणि तुमच्याच पूर्ण झालेल्या, तशाच इमारतीत घनमीटरला किती किलो स्टील लागले ते प्रमाण लावा. स्ट्रक्चरल ड्रॉइंग हातात आले की नेहमीप्रमाणे बीबीएस काढा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र तुमच्या फिटरलाही माहीत आहे, बारा मिलिमीटरला मीटरमागे ०.८८८ किलो. मॉडेलपेक्षा त्याचा हात या कामात जास्त बसलेला असतो.

जमिनीखालचे

खोदकामात मॉडेलचा फायदा मोठा आहे आणि धोकाही तिथेच. उताराचा प्लॉट असेल, कोकणात किंवा पुण्याच्या टेकड्यांकडेला असतात तसा, तर टोटल स्टेशनच्या लेव्हलवरून जमिनीचा पृष्ठभाग मॉडेलमध्ये बसवा. जोते किती वर ठेवले तर किती खोदावे लागेल, किती भरावे लागेल आणि रिटेनिंग वॉल किती उंच होईल, हे दोन-तीन पर्याय करून समोर ठेवता येते. जोत्याची पातळी अर्धा फूट वर-खाली केल्याने भरणीत जो फरक पडतो तो हाताने काढायला कुणी बसत नाही, म्हणून तो विचार होतच नाही. परत भरणीचा हिशेबही मॉडेल चोख देते: खोदाईतून पीसीसी, फुटिंग, पेडेस्टल आणि प्लिंथ बीमचा जमिनीखालचा भाग वजा.

पण जमिनीच्या पोटात काय आहे ते मॉडेलला माहीत नसते. काळी माती दीड मीटर आहे की चार, खाली मुरूम लागतो की पाषाण, यासाठी चाचणीचे खड्डे घ्यावेच लागतात. त्यांच्या नोंदी हाती आल्या की मॉडेलमध्ये माती, मुरूम, खडक असे थर कापा आणि खोदाईचे तीन आयटम वेगळे करा. नाहीतर सगळी खोदाई मातीच्या दराने धरली जाते आणि ब्रेकर लावायची वेळ आली की इस्टिमेट तिथेच मोडते.

आणि एक. मॉडेलमधली खोदाई म्हणजे जमिनीतले बसलेले घनफळ. जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, डंपरमधला मुरूम सैल मापाने ब्रासवर येतो, आणि भरणीत तोच मुरूम पाणी मारून धुमस केल्यावर बसतो. एकाच मातीची ही वेगवेगळी मापे आहेत. इथला ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर, हे रूपांतर सगळे करतात. सैल आणि बसलेल्यातला फरक मात्र विसरतात. तो आपल्या भागातल्या मुरुमावरून ठरवा आणि एक्सेलमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा.

बीओक्यू वेगळी, खरेदीची यादी वेगळी

मॉडेलमधून निघालेला आकडा सरळ दुकानदाराला पाठवायचा मोह होतो. टाळा. बिलात काम बसवल्यानंतरच्या मापाने मोजले जाते आणि वेस्टेज रेट ॲनालिसिसमध्ये धरलेले असते. ऑर्डर मात्र पूर्ण नगांत द्यावी लागते. साडेतीन बाय तीन पूर्णांक दोन मीटरची बेडरूम घ्या. फरशी ११.२ चौरस मीटर, बिल तेवढ्याचे. टाइल ६०० बाय ६००. क्षेत्रफळाने भागले तर ३२ टाइल पुरतील असे वाटते. प्रत्यक्ष मांडून पाहिले तर सहा-सहाच्या पाच ओळी, त्यातली शेवटची टाइल कापून, आणि भिंतीलगत वीस सेंटिमीटरची पट्टी. एका टाइलमधून कापाची फट सोडून दोनच पट्ट्या निघतात, म्हणून तिला आणखी तीन टाइल. एकूण ३३. बॉक्समध्ये चार असतील तर नऊ बॉक्स, म्हणजे १२.९६ चौरस मीटर. मॉडेलमध्ये टाइलची जाळी टाकून सुरुवातीचा कोपरा सरकवून पाहिला तर कधी एखादा बॉक्स वाचतो, आणि दाराच्या तोंडाशी बारीक तुकडा येत नाही हा जास्तीचा फायदा.

दर मॉडेलमध्ये भरू नका, एक्सेलमध्ये ठेवा. सिमेंट, क्रश सॅण्ड, खडी, स्टील, गवंडी, बिगारी यांचे मूळ दर एका पानावर, आणि प्रत्येक आयटमचे रेट ॲनालिसिस त्या पानाला जोडलेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा ज्यांची जोडणी अशी होती त्यांनी एक चौकट बदलली आणि पीसीसीपासून सनला गिलाव्यापर्यंत सगळे आयटम नव्या दराने आले. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवर काम करणाऱ्यांनी सूचीचे वर्ष, लीड आणि कामगार उपकराचा एक टक्का हे त्याच पानावर ठळक लिहावे.

विजेच्या नळ्या, वायर, स्विच, बिजागऱ्या, कडीकोयंडे हे थ्रीडीत काढत बसू नका. खोलीवार तक्ता करून नग मोजा. वॉटरप्रूफिंग तेवढे लक्षात ठेवा: बाथरूमच्या फरशीइतकेच क्षेत्र धरले जाते आणि भिंतीवर वर चढवलेला भाग राहून जातो.

खरा उपयोग बदलाच्या वेळी

मॉडेलने इस्टिमेट पहिल्यांदा करताना वेळ फारसा वाचत नाही, शिकण्याच्या काळात तर जास्तच जातो. हे ऑफिसात आधीच सांगून टाकावे, नाहीतर महिनाभरात मॉडेल बंद पडते आणि स्केलपट्टी परत येते. मेहनत वसूल होते ती डिझाइन ठरताना आणि बदलताना.

अगदी सुरुवातीला, नुसते ठोकळे असतानाही उपयोग आहे. दहा बाय दहा मीटरचा मजला आणि पाच बाय वीसचा मजला, दोन्हीचे क्षेत्र शंभर चौरस मीटर. ‘स्क्वेअर फुटाला’ भाव दोघांना सारखाच सांगितला जातो. पण पहिल्याचा परीघ ४० मीटर, दुसऱ्याचा ५०. तीन मीटर उंचीला बाहेरची भिंत, बाहेरचा दुहेरी गिलावा, पेंट आणि परांची हे सगळे सव्वापट. क्लायंटपुढे दोन ठोकळे ठेवून हे दाखवले तर तो ऐकतो, कोष्टक दाखवले तर मान डोलावतो आणि विसरतो.

मधल्या टप्प्यावर मालक म्हणतो, ‘भाऊ, मजला थोडा उंच करा, अर्धा फूट तरी.’ तीन मीटरचा ३.१५ केला, समजा. सगळ्यांच्या मनात पाच टक्के वाढ येते. पण ४५० च्या बीमखालची भिंत २.५५ मीटरची २.७० होते, म्हणजे भिंत आणि त्यावरचा गिलावा जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये मात्र काही फरक पडत नाही. १५० मिलिमीटरच्या पायरीने वीस चढाव होते ते एकवीस होतात, आणि जिन्याची लांबी आधीच काटेकोर बसवली असेल तर तो लँडिंगवर आपटतो. मॉडेलमध्ये पातळी बदला, तक्ता पुन्हा काढा, जुन्या तक्त्याशेजारी लावा. फरकाचा रकाना मालकाला पाठवा आणि त्याची लेखी संमती घ्या. एक्स्ट्रा आयटमवरून होणारी निम्मी भांडणे या कागदाअभावी होतात असे मला वाटते.

यासाठी फाइल गोठवायची सवय हवी. करार ज्या मॉडेलवर झाला त्याची तारीख टाकून प्रत बाजूला ठेवा, तिच्यात पुन्हा कुणी बोट घालायचे नाही. बदल नव्या प्रतीत. करारासोबत त्या तारखेच्या मॉडेलमधून निघालेल्या क्वांटिटी आणि मोजणीचे नियम, दोन्ही जोडा.

इस्टिमेट बाहेर जाण्याआधी उलटतपासणी हातानेच करा. एक मजला निवडा आणि त्याचे काँक्रीट, भिंत, फरशी जुन्या पद्धतीने काढा. स्लॅबचे क्षेत्र आर्किटेक्टच्या एरिया स्टेटमेंटशी जुळवा. फरशीचे क्षेत्र रेराच्या कार्पेटशी ताडून पाहताना लक्षात ठेवा की त्या व्याख्येत आतल्या भिंती धरलेल्या असतात आणि बाल्कनी नसते, म्हणून आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण तफावत आतल्या भिंती, बाल्कनी आणि दारातल्या तुकड्यांनी समजावता आली पाहिजे.

काम सुरू झाल्यावर पहिला स्लॅब भरला की आरएमसीची चलने गोळा करून मॉडेलच्या आकड्याशेजारी ठेवा. चलनांचा आकडा जास्तच भरेल. मग स्लॅबची जाडी काही ठिकाणी मोजा, सेंट्रिंग कुठे फुगले ते पाहा, पंपाच्या पाइपात आणि शेवटच्या गाडीत किती उरले ते सुपरवायझरला विचारा. एवढे धरूनही फरक उरला तर मॉडेलमध्ये काहीतरी राहिले आहे, आणि वरचे चार स्लॅब अजून भरायचे आहेत.